एका सुताचा फरक

कारखान्यात मला सगळे ‘फोटोवाला’ म्हणत. मी लोखंडाचे फोटो काढत असे. अंबरनाथला बॉयलरचे ड्रम आणि रसायनांच्या टाक्या बनवणारं ते वर्कशॉप होतं. जाड प्लेटा वाकवून त्यांच्या कडा वेल्डिंगने जोडल्या, की त्या जोडाच्या पोटात काही खोट राहिली आहे का, हे एक्स-रेने बघायचं, हे माझं काम. पन्नासचं दशक संपत आलं होतं. माझी पंचविशी नुकतीच उलटली होती, गाठीला डिप्लोमा होता आणि नाकावर राग होता. राग अजून आहे, डिप्लोमाचं काय झालं ते विचारू नका.

एक्स-रे काढायचा म्हणजे अख्खी शेड रिकामी करावी लागे. दोरी बांधायची, लाल फडकं लावायचं, घंटा वाजवायची. मग माणसं हातातलं काम टाकून बाहेर चिंचेखाली जाऊन बसत आणि मी एकटा आत. एकेका फिल्मला दहा-पंधरा मिनिटं, आणि एका जोडाला डझनभर फिल्मा. नंतर त्या अंधाऱ्या खोलीत धुवायच्या, दोरीवर वाळत घालायच्या. पावसाळ्यात त्या वाळता वाळत नसत. आमचे फोरमन जवळच्याच कात्रप गावचे, घरची भातशेती सांभाळून नोकरी करणारे. ते शेडच्या दारात कमरेवर हात ठेवून उभे राहत आणि मला ऐकू जाईल असं म्हणत, “तुमच्या फोटोपायी माजा ड्रम म्हातारा झाला, साहेब.”

त्या वर्षी ड्रमवर काम करत होते ते मिस्त्री. नाव सांगत नाही, पण वर्कशॉपात ‘मिस्त्री’ म्हटलं की तेच. फाळणीनंतर सिंधमधून आले आणि उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पातल्या एका बराकीत बायको आणि म्हाताऱ्या वडिलांना घेऊन राहिले. तिकडे त्यांचं पंप दुरुस्तीचं स्वतःचं दुकान होतं. इकडे येऊन चाळिशीच्या उंबरठ्यावर, मिसरूड फुटलेल्या पोरांच्या शेजारी बसून वेल्डिंग शिकले. हात असा बसला होता की त्यांचा जोड बघायला दुसऱ्या शेडमधले लोक येत. पण बॉयलरच्या जोडाला नुसता हात चालत नाही, सर्टिफिकेट लागतं. ते नसल्यामुळे इतकी वर्षं मिस्त्री जिने, कठडे आणि टाक्यांचे पाय जोडत राहिले होते. शेवटी कंपनीने खटपट केली आणि सरकारी बॉयलर-इन्स्पेक्टरने मान्य केलं की या नव्या ड्रमचा उभा जोड मिस्त्रींनी करावा. तो कसाला उतरला तर सर्टिफिकेट, नाही तर परत जिने.

एकदा डबा खाताना मी त्यांना विचारलं होतं, एवढं काय आहे त्या कागदात. काम तर तुम्हाला येतंच.

सिंधी रीतीने ते मला ‘साईं’, म्हणजे साहेब, म्हणत. ते म्हणाले, “साईं, मेरे नाम के जितने काग़ज़ हैं, सब में लिखा है क्या-क्या गया. मकान गया, दुकान गया. एक काग़ज़ तो ऐसा हो जिस में लिखा हो कि आता क्या है.”

मी माझ्या डब्यातलं लोणचं त्यांच्या पोळीवर ठेवलं.

जोड पूर्ण झाला. मी फिल्मा काढल्या, धुतल्या, उजेडावर धरून इंच न् इंच तपासल्या. एकही डाग नव्हता. मी ‘पास’ लिहून सही केली. इन्स्पेक्टर शनिवारी येणार होते, आणि माझ्या मते मिस्त्रींचं सर्टिफिकेट खिशात पडल्यासारखं होतं.

नेमकं त्याच आठवड्यात विलायतेहून मागवलेलं नवं यंत्र आमच्या हाती आलं. अल्ट्रासॉनिक. माणसं त्याला ‘आवाजाचं मशीन’ म्हणू लागली. विहिरीत ओ दिली की ती परत येते, तसंच त्याचं काम. काडेपेटीएवढा एक ठोकळा तेल लावून लोखंडावर टेकवायचा. तो आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज तिरका आत सोडतो. वाटेत फट भेटली तर आवाज तिथूनच माघारी फिरतो आणि वाटीच्या तोंडाएवढ्या गोल पडद्यावर हिरव्या रेघेला एक काटा फुटतो. काटा रेघेवर कुठे फुटला यावरून फट किती खोल ते कळतं. घंटा नाही, दोरी नाही, शेड रिकामी करणं नाही. शिवाय फिल्मला जे दिसत नाही ते याला दिसतं, असं पुस्तिकेत छापलं होतं. फिल्मवर सावली पडायला आत चांगली पोकळी लागते. केसाएवढी तिरकी फट सावली पाडतच नाही. ते वाचून मी हुरळून गेलो. फोटोवाला हे नाव एकदाचं जाणार होतं.

यंत्र आलं, पण त्याच्याबरोबरचा मापाचा ठोकळा बंदरात कस्टमवाल्यांकडे अडकला. ठरावीक जाडीचा तो तुकडा आधी यंत्राला दाखवून पडद्यावरचं माप जुळवायचं, मगच जोडाला हात लावायचा, असा नियम. मला धीर कुठला? मी सायकल काढली आणि उल्हासनगरच्या कॅम्प दोनचा बाजार गाठला. तिथे तेव्हा लष्कराच्या भंगाराची दुकानं होती. एका दुकानात मला हवी तशी गुळगुळीत प्लेट मिळाली. दुकानदाराने तिच्यावर खडूने एक इंच असं लिहून ठेवलं होतं.

“पूरा एक इंच, साईं. मिलिटरी का माल है, इस में कसर कैसी?”

आमच्या त्या भागात तेव्हा सगळ्यांची हीच समजूत होती. ब्लँकेट असो, बादली असो की लोखंड असो, मिलिटरीचं म्हणजे चोख. माझ्या पिशवीत मोजायचं व्हर्नियर होतं. ते मी बाहेर काढलं नाही. प्लेटचा तुकडा कापून आणला, घासून चकचकीत केला, त्यावर ठोकून ‘१ इंच’ असं कोरलंसुद्धा.

गुरुवारी सकाळी मी यंत्र मिस्त्रींच्या ड्रमवर लावलं. इन्स्पेक्टरला नवी करामत दाखवावी, अशी वरच्या साहेबांची इच्छा होती आणि त्याहून जास्त माझी होती. माणसं भोवती जमली. मी तेल लावून ठोकळा फिरवू लागलो. जोडाच्या सुरुवातीपासून दोन हातांवर रेघेला काटा फुटला. थोडं पुढे गेलो, आणखी एक. जोडाच्या शेवटापर्यंत मी खडूने सात गोल काढले होते.

खरं तर तिथेच मी थांबायला हवं होतं. यंत्र माझ्या हातात येऊन तीन दिवस झाले होते आणि मिस्त्रींचा हात मी तीन वर्षं पाहत होतो. पण माझी जीभ सुटली. “फिल्मला फसवता येतं,” मी सगळ्यांदेखत म्हणालो, “याला नाही.”

मिस्त्रींनी एवढंच विचारलं, “कितना अंदर?”

“वरून दोन सूत.” आमच्याकडे इंचाचे आठ भाग करून एकेकाला सूत म्हणत.

त्यांनी छिन्नी उचलली आणि स्वतः घातलेला जोड स्वतःच फोडायला बसले. दोन सूत खोल गेले. आत लख्ख, एकजीव लोखंड. मी म्हटलं, अजून. तीन सूत. मी म्हटलं, अजून. अर्धी प्लेट खोदून झाली तरी आत काही सापडेना.

“साहेब,” फोरमन म्हणाले, “आता थोड्या टायमात पल्याडचा उजेड दिसंल.”

लोक हसले. मला राग आला, तो अर्थातच स्वतःवर यायला हवा होता, पण आला दुसऱ्यांवर. मी तणतणत दुसऱ्या गोलापाशी गेलो, ठोकळा टेकवला, काटा फुटला. बघा, आहे, असं मी ओरडलो. मिस्त्री जवळ वाकून बघत होते. आपला जोड तळहाताने पुसायची त्यांना सवयच होती. तेल जोडावर पसरलं होतं, त्यांनी त्यावरून हात फिरवला. काटा थरथरला.

“हात काढा!” मी खेकसलो.

त्यांनी चटकन हात मागे घेतला. काटा पुन्हा ताठ उभा राहिला.

मी पडद्याकडे बघत राहिलो. मग म्हटलं, “मिस्त्री, परत लावा बरं.”

त्यांनी तेलकट हात जोडावर ठेवला. काटा बसला. उचलला, काटा उठला. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा तेच. हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. आवाज तळाला आपटून वर येत होता आणि माघारी फिरत होता तो मिस्त्रींच्या हाताखालून, म्हणजे जोडाच्या वरच्या उंचवट्यावरून. तेलकट हात त्यातला थोडा आवाज गिळत होता. खोट आत असती तर वर हात लावून तिला काय फरक पडला असता? पण मग पडदा तिला दोन सूत आत का दाखवत होता?

मी पिशवीतून व्हर्नियर काढलं आणि माझ्या चकचकीत ठोकळ्याला लावलं. एक इंच आणि वर एक सूत. जाड तुकड्याला मी एक इंच समजलो होतो, म्हणून यंत्राला सगळीच अंतरं कमी वाटत होती आणि वर पृष्ठभागापर्यंत पोचून फिरलेला आवाज दोन सूत आधीच, आतूनच फिरल्यासारखा दिसत होता. जमलं असतं तर तोंड लपवायला मी ड्रममध्येच जाऊन बसलो असतो.

“मिस्त्री, चुकलो,” मी सगळ्यांसमोर म्हणालो. “खोट तुमच्या जोडात नव्हती, माझ्या मापात होती.”

तुकडा कुठून आणला ते सांगितल्यावर मिस्त्री सकाळपासून पहिल्यांदाच हसले. “मेरे को साथ ले जाना था, साईं. हमारे कॅम्प में बिना तोले कोई नमक भी नहीं लेता.”

मी नीट मोजलेल्या प्लेटवर माप पुन्हा जुळवलं आणि आम्ही दोघांनी राहिलेले गोल घेतले. मी ठोकळा धरायचा, त्यांनी हात फिरवायचा. एकेक काटा पडद्यावर बरोबर पृष्ठभागाच्या जागी आला आणि त्यांच्या हाताखाली नाचला. ओल्या फडक्याने मी खडू पुसत चाललो. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. शेवटी ड्रमच्या टोकाजवळचा सातवा राहिला.

तिथे काटा हलला नाही. मिस्त्रींनी हात पुसला, ताजं तेल घेतलं, पुन्हा फिरवला. दाबून फिरवला. काटा जिथल्या तिथे ताठ होता आणि पडदा सांगत होता, चार सूत आत. या वेळी माप बरोबर होतं. मी तीनदा तपासलं.

फोरमननी आजूबाजूची माणसं कामाला पिटाळली आणि आवाज खाली आणला. “फिलिम पास हाय ना? सही हाय ना तुमची? कायदा फिलिम मागतोय. ह्या मशिनचं कोन इचारतंय? आधीचा खड्डा भरून टाकू, परवा कागद घिऊ द्या त्याला.”

मी हो म्हणणार होतो, हे लपवत नाही. त्या माणसाला सकाळी मी विनाकारण चारचौघांत उघडं पाडलं होतं, आणि आता पुन्हा त्यालाच सांगायचं की खोट आहे? तीही परीक्षेच्या दोन दिवस आधी? फिल्मवर तिचा मागमूस नव्हता. आम्ही तिघे गप्प राहिलो असतो तर ते सर्टिफिकेट कोणीही अडवलं नसतं.

“हिलता नहीं ना?” मिस्त्रींनी विचारलं.

“नाही.”

“तो अंदर है.” ते छिन्नी आणायला निघाले.

मी त्यांचा दंड धरला. “मिस्त्री, थांबा. आधी सर्टिफिकेट येऊ द्या. नंतर गुपचूप दुरुस्त करू.”

त्यांनी माझा हात सोडवला. रागाने नाही. “साईं, वो आदमी लिखेगा कि मेरा जोड़ पक्का है. और मेरे को मालूम रहेगा कि नहीं है. ऐसा काग़ज़ ले के मैं क्या करूंगा?”

त्यांनी खोदायला घेतलं. चार सुतांपाशी छिन्नीखालून निघालेली लोखंडाची साल मधोमध दुभंगली. आत, प्लेटच्या कडेला लागून, दीड बोट लांबीची एक काळी रेघ होती, अगदी केसासारखी. तिथे लोखंड लोखंडाला चिकटलंच नव्हतं. फिल्मवर ती दिसणं शक्यच नव्हतं.

मिस्त्रींनी उकिडवं बसून त्या रेघेवरून नख फिरवलं. मग म्हणाले, “उस दिन बिजली कम-ज़्यादा हो रही थी. मेरे को लगा, निकल जाएगा.”

मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की दोन्ही एकाच छातीत मावेनात.

शनिवारी इन्स्पेक्टर आले. किडकिडीत, छत्रीवाले, कमी बोलणारे गृहस्थ. ड्रमवर दोन खड्डे बघून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “पास झालेला जोड फोडायला तुम्हाला कोणी सांगितलं?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगून टाकलं, भंगाराच्या दुकानापासून. पहिला खड्डा माझ्या मूर्खपणाचा, दुसरा मिस्त्रींच्या प्रामाणिकपणाचा, असंही बोलून गेलो. इन्स्पेक्टरनी दुसऱ्या जागेची फिल्म मागितली, उजेडावर धरली, चष्मा वर करून पाहिली. तिच्यात काही नव्हतं. मग खड्ड्यात वाकून ती काळी रेघ पाहिली. मग मिस्त्रींना म्हणाले, “तो हात लावायचा प्रकार दाखवा.”

मिस्त्रींनी जोडावर चांगल्या जागी हात फिरवून दाखवला. काटा नाचला. इन्स्पेक्टरनी शर्टाची बाही सारली, स्वतःचा अंगठा तेलात बुडवला आणि तेही करून पाहिलं. नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला, पण लगेच त्यांनी तो आवरला.

“दोन्ही भरा,” ते म्हणाले. “माझ्यासमोर.”

मिस्त्रींनी काळ्या काचेचा मुखवटा चेहऱ्यावर ओढला. शेडमधलं बाकीचं काम आपोआप थांबलं. थर घालायचा, वरची राख झाडायची, ब्रश मारायचा, पुन्हा थर. मध्येच एकदा वीज डचमळली आणि ठिणगी मंदावली. मिस्त्री जागच्या जागी थांबले. मुखवटा वर करून दिव्याकडे बघत राहिले, दिवा स्थिर झाल्यावर त्यांनी तेवढा भाग घासून काढला आणि मगच पुढे गेले. इन्स्पेक्टर छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून हे पाहत होते.

काम थंड झाल्यावर मी ठोकळा फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत खोटीचा एकही काटा नव्हता. कायद्याला फिल्म हवी म्हणून घंटा वाजवून शेड रिकामी केली आणि तीही काढली. इन्स्पेक्टर तिच्याकडे बघून नुसतं “हं” म्हणाले, छत्री उचलली आणि गेले.

त्या ‘हं’चा अर्थ लावण्यात आमचे तीन आठवडे गेले. मी रोज सकाळी ऑफिसात जाऊन टपाल विचारत असे. मिस्त्री विचारत नसत. ते परत जिने जोडायला लागले होते.

आणि एका दुपारी लांब सरकारी लिफाफा आला. मी तो घेऊन धावतच शेडमध्ये गेलो. मिस्त्रींनी हात पुसले, कागद उघडला, उलटसुलट करून पाहिला. त्यांना सिंधी लिहिता-वाचता येत होतं, इंग्रजी नाही. त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी वाचून अर्थ सांगितला: हा मनुष्य बॉयलरच्या जाड प्लेटांचे जोड करण्यास लायक आहे, त्याच्या हातचं काम तपासून हे लिहून दिलं आहे. फोरमननी त्यांच्या पाठीवर एवढ्या जोराने थाप मारली की ते पुढे झुकले. मिस्त्रींनी कागद घडी करून खिशात ठेवला, पुन्हा काढला.

“साईं, शाम को घर आओगे? मैं पढ़ के सुनाऊंगा तो बाबा बोलेंगे, बेटा अपने मन से बना रहा है.”

मी बदलापूरला राहत असे, कॅम्प अगदी उलट्या दिशेला. पण त्या संध्याकाळी मी सायकल तिकडे वळवली. लांबलचक बराक होती. मधे गोणपाट टांगून एकेका कुटुंबाने आपापला संसार मांडला होता. मिस्त्रींच्या बायकोने मला शरबत दिलं. वडील बाजेवर बसले होते, पांढरी दाढी, कानाशी हात धरलेला. मी वाचलं, एकेक वाक्य माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. म्हाताऱ्याने मधेच मला थांबवलं आणि मुलाचं नाव परत वाचायला लावलं. मी वाचलं. मग म्हणाले, शुरू से.

मी पहिल्यापासून वाचू लागलो. तेवढ्यात गोणपाटाच्या पलीकडून, जिथे इतका वेळ भांड्यांचा आवाज चालला होता, एक बाई म्हणाली, “ज़रा ज़ोर से, साईं. इधर भी सुनना है.”

भांडी थांबली होती. त्याच्याही पलीकडच्या बिऱ्हाडातून कोणीतरी पोरांना गप्प केलं. मिस्त्री मान खाली घालून बसले होते. मी घसा साफ केला, उठून उभा राहिलो आणि अख्ख्या बराकीला ऐकू जाईल असं त्यांचं सर्टिफिकेट वाचलं.